गाठ : कर्काची की कृमीची?

दंडावर किंवा छातीच्या कातडीखाली एखादी वाटाण्याएवढी गाठ अचानक हाताला लागते. ती दुखत नाही, खुपत नाही. आणि दुखत नाही म्हणूनच मनुष्य अधिक धास्तावतो, कारण न दुखणारी गाठ वाईट, असे त्याने कोठेतरी ऐकलेले असते. घरात तो काही बोलत नाही. महिना-दीड महिना स्नानाच्या वेळी तो ती चाचपून पाहतो, कालच्यापेक्षा वाढली काय याचा अंदाज घेतो, आणि अखेरीस एके दिवशी शस्त्रवैद्याच्या दारी जाऊन बसतो. बंगळूर शहरात हे दार पुष्कळदा होसूर रस्त्याच्या बाजूचे, किडवाई कर्करोग संस्थेचे असते. १९७३ साली स्थापन झालेल्या या संस्थेत कर्नाटकातून तर रुग्ण येतातच, पण शेजारच्या आंध्र आणि तामिळनाडूतूनही येतात. त्यांतल्या प्रत्येकाच्या मनात प्रश्न एकच असतो, आणि तो प्रश्न विचारण्याचे धैर्य मात्र थोड्यांनाच होते.

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा साधे असते : चरबीची निरुपद्रवी गाठ, साचलेला मळ, एखादे जुने गळू. काही वेळा ते खरोखरच कर्करोगाचे असते. परंतु या दोहोंखेरीज एक तिसरे उत्तर संभवते, आणि ते रुग्णाच्या स्वप्नातही नसते. ती गाठ म्हणजे त्याच्या शरीराचा भागच नसतो. कातडीखाली दुसराच एक जीव येऊन राहिलेला असतो, आणि शरीराने त्याच्याभोवती भिंत बांधून काढलेली असते.

कातडीखाली जीव राहतो, ही कल्पना महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या जुन्या पिढीला मुळीच चमत्कारिक वाटली नसती. नारू या लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. पायऱ्यांच्या विहिरीतले पाणी प्यायल्यानंतर सुमारे वर्षाने पायावर फोड येई, तो फुटे, आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा हातभर किंवा त्याहून लांब किडा डोके काढी. काडीवर गुंडाळून तो रोज थोडाथोडा ओढून काढावयाचा, हे ज्ञान गावातल्या म्हाताऱ्यांपाशी असे. भारतातला शेवटचा नारूचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातले हे एक खरेखुरे यश होय. पण त्याचा एक लहानसा तोटाही झाला. किडा कातडीत असू शकतो, हा विचारच नागर मनातून निघून गेला. तरुण वैद्यांच्याही मनातून काही अंशी गेला. नारू स्वतःच डोके बाहेर काढी, त्यामुळे त्याची ओळख पटवावी लागत नसे. आता ज्यांच्याविषयी सांगावयाचे आहे ते जीव डोके बाहेर काढीत नाहीत.

यांतील पहिल्याचा संबंध डासांशी आहे, आणि डासांचा एक प्रसिद्ध प्रसंग बंगळूरमध्येच घडला. १८८३ साली रोनाल्ड रॉस हा तरुण लष्करी वैद्य बंगळूरच्या छावणीत नेमणुकीवर होता. आपल्याच बंगल्यात डास इतके का, असा त्याला प्रश्न पडला. शोधता शोधता खिडकीबाहेर ठेवलेल्या पाण्याच्या पिंपात त्याला वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या. त्याने पिंप उपडे केले आणि डास जवळजवळ नाहीसे झाले. हाच उपाय सर्वत्र करावा असे त्याने वरच्या अधिकाऱ्याला सुचविले. पण सृष्टिक्रमात ढवळाढवळ नको, अशा थाटात त्या अधिकाऱ्याने ते उडवून लावले. पुढे १८९७ साली सिकंदराबादेत रॉसने हिवतापाच्या जंतूंचा डासाच्या पोटातला ठाव शोधून काढला, हे सर्वश्रुत आहे. पिंप उपडे न करणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव मात्र कोणाच्या लक्षात राहिले नाही. आणि तशी पिंपे अद्यापि घरोघर आहेत.

डास हिवताप आणतो, हत्तीरोग आणतो, डेंग्यू आणतो, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तो कुत्र्याच्या शरीरातला एक सूत्रकृमी माणसात आणून सोडतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. या कृमीचे शास्त्रीय नाव डायरोफिलेरिया रेपेन्स. रेपेन्स म्हणजे सरपटणारा. कुत्र्याच्या कातडीखाली तो सुखाने नांदतो. मादी दहा ते सतरा सेंटिमीटर लांब वाढते, पण जाडीने ती शिवणाच्या दोऱ्याएवढीच राहते. तिची सूक्ष्म पिले कुत्र्याच्या रक्तात फिरतात, डास ते रक्त पितो, आणि त्याच्या शरीरात पक्व झालेल्या अळ्या पुढच्या दंशाबरोबर दुसऱ्या कुत्र्यात उतरतात. एखादे वेळी हा पुढचा दंश माणसाला होतो. कृमीच्या दृष्टीने ही चुकीची वाट होय. माणसाच्या शरीरात त्याचे जीवनचक्र सहसा पुरे होत नाही; कातडीखाली थोडे सरपटून तो कोठेतरी थांबतो, आणि भोवती पेशींचा वेढा पडून एक टणक, वाटोळी, एकुलती एक गाठ तयार होते. ती पापणीत येते, गालावर येते, दंडावर येते, स्त्रीच्या स्तनातही येते. स्तनातली एकुलती एक टणक गाठ म्हटली की कोणाही वैद्याच्या मनात प्रथम काय येणार, हे सांगावयास नको.

केरळात आणि श्रीलंकेत असे रुग्ण पुष्कळ नोंदले गेले आहेत. कर्नाटकातूनही त्यांचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले आहेत. बहुतेकांची कथा सारखीच आहे. अर्बुदाच्या शंकेने गाठ काढली जाते, तिचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला जातो, आणि कर्करोगाच्या उच्छृंखल पेशींऐवजी तेथे एका गोल कृमीचे आडवे छेद दिसतात. त्याच्या त्वचेवर उभ्या, समांतर कडा असतात आणि त्यांवरून जाणकार त्याला ओळखतो. उपचारही तेथेच संपतो. गाठ निघाली की रोग निघाला; बहुधा पुढे औषधाचीही जरूर पडत नाही. याच कुळातला दुसरा कृमी कुत्र्याच्या हृदयात राहतो आणि माणसाच्या फुप्फुसात अडकून मरतो. तेथे क्ष-किरणांच्या चित्रात नाण्यासारखी वाटोळी छाया उमटते, आणि तिला फुप्फुसाचा कर्करोग समजून छाती उघडल्याची उदाहरणे देशोदेशींच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

दुसरा पाहुणा याहून गंभीर होय. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी, म्हणजे फितीसारखा चपटा जंत, बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो. पण त्याच्याविषयी एक मोठा गैरसमज आहे. अर्धकच्चे डुकराचे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो जंत वाढतो, एवढे खरे. तथापि कातडीखाली ज्या गाठी येतात त्या मांसातून येतच नाहीत. ज्याच्या आतड्यात जंत आहे त्याच्या मळातून असंख्य अंडी बाहेर पडतात. ती हाताला, पाण्याला, कच्च्या भाजीला लागतात. आणि ती ज्याच्या पोटात जातील, तो जन्मभर मांसाला न शिवलेला का असेना, त्याच्या रक्तावाटे अळ्या सर्व शरीरात पसरतात. सोवळ्याच्या स्वयंपाकातल्या कोथिंबिरीलाही यातून सूट नाही. आमच्या घरी असले काही होणे शक्य नाही, असे वैद्याला ठासून सांगणारी कुटुंबे भेटतात. त्यांची चूक येथे होते.

अळी जेथे थांबते तेथे पाण्याने भरलेली एक लहानशी पिशवी होते. तिच्यात तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा ठिपका असतो. तेच त्या जंताचे भावी डोके. कातडीखाली ही पिशवी लांबट वाटाण्यासारखी लागते. स्नायूत असली तर ती मांसाचे अर्बुद वाटते, मानेत असली तर लसिकाग्रंथीचा कर्करोग वाटतो, जिभेवर असली तर तंबाखू खाणाऱ्याची पाचावर धारण बसते. अनेक वर्षांनी ती मरून चुन्यासारखी कठीण होते, आणि मग क्ष-किरण चित्रात मांडीच्या किंवा दंडाच्या स्नायूत तांदूळ उधळल्यासारखे दाणे दिसतात.

या गाठींचे खरे महत्त्व वैद्यकाला कळले ते हिंदुस्थानच्या छावण्यांत राहून मायदेशी परतलेल्या इंग्रज शिपायांमुळे. १८०९ साली वसलेली बंगळूरची छावणी ही त्या छावण्यांपैकी दक्षिणेतली एक मोठी छावणी. धडधाकट म्हणून भरती झालेल्या या शिपायांपैकी काहींना घरी परतल्यावर फेफऱ्याचे झटके येऊ लागले, आणि त्याचे कारण कोणाला उमगेना. १९३० नंतरच्या दशकात मॅकआर्थर या लष्करी वैद्याने या माणसांच्या कातडीखालच्या क्षुल्लक वाटणाऱ्या गाठींकडे लक्ष वेधले. गाठ काढून पाहिली तर तीत जंताची पिशवी; आणि तशाच पिशव्या मेंदूत. पुढे १९६१ साली डिक्सन आणि लिप्सकोम्ब यांनी अशा ४५० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते बहुतेक हिंदुस्थानात नोकरी करून आलेले शिपाईच होते. अंडी पोटात जाणे आणि पहिला झटका येणे यांत कित्येकांच्या बाबतीत वर्षानुवर्षांचे अंतर होते. त्या मधल्या काळात कातडीखालची गाठ हीच काय ती मेंदूतल्या गाठीची बातमी देणारी एकमेव खूण असे.

तिसरा जीव इतका सूक्ष्म आहे की त्याची गाठ होत नाही, व्रण होतो. दिल्लीचा फोड या नावाने इंग्रजी अमदानीत जो व्रण प्रसिद्ध होता, त्यातले चमत्कारिक कण कनिंगहॅम याने १८८५ साली कलकत्त्यात पाहिले. काळा आजार या प्लीहेच्या रोगातले तसलेच कण लीशमन आणि मद्रासचा डोनोव्हन यांनी १९०३ साली स्वतंत्रपणे जाहीर केले, आणि त्याच वर्षी त्या जीवाला लीशमानिया डोनोवानी असे दोघांचे जोडनाव देणारा गृहस्थ म्हणजे बंगळूरच्या पिंपातल्या अळ्या पाहणारा रोनाल्ड रॉसच होता. वाळूमाशी या डासाहूनही लहान माशीच्या दंशातून हा जीव त्वचेत उतरतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तेथे पुळी येते, ती फुटते, आणि कडा उचललेला, मध्ये खोलगट, न दुखणारा व्रण तयार होतो. नाकावर किंवा गालावर असा व्रण चार-सहा महिने चिघळत राहिला म्हणजे तो त्वचेच्या कर्करोगाच्या व्रणासारखाच दिसतो, इतका की अनुभवी डोळाही फसावा. राजस्थानात बिकानेरकडे, हिमाचलात सतलजच्या खोऱ्यात, केरळातल्या सह्याद्रीच्या अरण्यात हे रुग्ण आढळतात. बंगळूर या व्रणाची भूमी नव्हे. परंतु बंगळूर ही आता साऱ्या देशाची धर्मशाळा झाली आहे. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळी मराठी मंडळी आली, छावणीबरोबर तमिळ आली, आणि आज इमारतींच्या कामावर राजस्थानी व बिहारी कारागीर आहेत, आखाती देशांतून परतलेले कामगार आहेत. व्रण बंगळूरच्या रुग्णालयात दिसतो. माशी चावलेली असते हजार मैलांवर. म्हणून रुग्णाला कोठे दुखते याइतकेच तो गेली दोन वर्षे कोठे राहिला, हे विचारणे अगत्याचे असते.

याच व्रणाच्या बाबतीत एक सूक्ष्म पेच आहे. कातडीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला म्हणजे सत्य कळते, असे सामान्यतः मानले जाते आणि ते बरोबरही आहे. पण दीर्घकाळ चिघळलेल्या अशा व्रणाच्या काठावर कातडीच्या पेशी स्वतःच भरमसाट वाढतात आणि बोटांसारख्या खाली उतरतात. हे दृश्य कर्करोगाच्या दृश्याशी इतके जुळते की वरवरचा, लहान तुकडा पाहणारा विकृतिशास्त्रज्ञही 'कर्करोग' असा शेरा मारून बसण्याचा संभव असतो. तुकडा पुरेसा खोल असला, आणि पाहणाऱ्याच्या मनात परजीवीची शंका असली, तरच पेशींच्या पोटात बसलेले ते चिमुकले कण त्याला दिसतात. यंत्र कितीही चांगले असो. विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर ते देते. एका शेऱ्याने चेहऱ्याचा मोठा भाग कापला जाऊ शकतो, आणि निदान बरोबर झाले तर तोच चेहरा औषधाने, फक्त एका वणावर सुटतो.

उरलेल्यांचा उल्लेख थोडक्यात पुरे. तळ्यात, साचलेल्या पाण्यात स्नान करणाऱ्यांच्या नाकात तुतीच्या फळासारखी लालसर गाठ वाढविणारा ऱ्हायनोस्पोरिडियम हा जीव दक्षिण भारताच्या विशेष परिचयाचा आहे. कधी तो कातडीवरही उतरतो आणि तेथे चामखिळीसारखी, रक्त गाळणारी वाढ करतो. ती पाहून कर्करोगाची शंका येणे स्वाभाविकच होय. १९२३ साली ॲशवर्थ याने त्याचे जीवनचक्र वर्णिले, तेही एडिंबरोत शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याच्या नाकातील गाठीवरून. पुष्कळ वर्षे त्याला बुरशी समजत. आता तो प्राणी आणि बुरशी यांच्या सीमेवरच्या एका निराळ्याच गटात गेला आहे. तळपायात शिरून बसणाऱ्या एका पिसवेची मादी काळ्या ठिपक्यासारखी दिसते, आणि तळपायावरचा काळा डाग हे काळ्या कर्करोगाचे, म्हणजे मेलानोमाचे, भारतीयांतले नेहमीचे स्थान. १९८५ साली महाराष्ट्रातला असा पिसवेचा एक रुग्ण वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. आणि रक्त पिऊन फुगलेली गोचीड? ती काखेत किंवा कानामागे चिकटून राहिली म्हणजे नव्याने उगवलेल्या काळ्या तिळासारखी दिसते. भिंग धरले की तिळाला पाय फुटलेले दिसतात, आणि प्रसंग हसण्यावारी जातो. अर्थात गोचीड नेहमीच हसण्यावारी नेण्यासारखी नसते : कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात १९५७ साली ओळखला गेलेला आणि पुढे सिंधुदुर्गापर्यंत पोहोचलेला माकडताप तिच्याच दंशातून येतो.

एवढे ऐकून एखादा श्रोता सुटकेचा निःश्वास टाकील आणि आपली गाठ किड्याचीच असणार, असे ठरवून मोकळा होईल, तर ते फार अनर्थाचे ठरेल. उलट दिशेची चूक महाराष्ट्राने पुष्कळ पाहिली आहे. १९४५ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी धोतराच्या कर्करोगाचे वर्णन केले. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळल्याने तेथली कातडी प्रथम काळवंडते, जाड होते, खवले धरते आणि शेवटी तेथे व्रण पडून कर्करोग होतो. साडीच्या नाडीनेही तेच होते, हे पुढे दिसून आले. आता कमरेवरचा काळवंडलेला, खाजणारा चट्टा पाहून कोणाही मराठी माणसाच्या तोंडून जो शब्द निघेल तो म्हणजे 'नायटा'. नायट्याचे मलम लागते, ते संपते, दुसरे आणले जाते, आणि या मलमांच्या वाटेत काही वर्षे निघून जातात. येथे परजीवीचा संशय घेणे हेच संकट ठरते. भारतात त्वचेचा कर्करोग गोऱ्या देशांच्या मानाने कमी, हे खरे. पण या कमीपणानेच तो मनात येत नाही. मनात येत नाही ते ओळखले जात नाही.

मग ओळखावयाचे कशाने? बोटांनी चाचपून नव्हे, आणि शेजाऱ्याच्या गाठीशी आपली गाठ ताडून पाहूनही नव्हे. गाठीत बारीक सुई घालून थोडा रस ओढून घेणे हा आज सर्व मोठ्या रुग्णालयांत रूढ झालेला उपाय आहे. त्याला भूल लागत नाही, टाका पडत नाही. जंताच्या पिशवीतून पाण्यासारखा स्वच्छ द्रव येतो आणि पुष्कळदा त्यातच कृमीच्या आवरणाचे तुकडे दिसतात. ध्वनिलहरींच्या तपासणीत ती पिशवी आणि आतला पांढरा ठिपका दिसतो. कधी कधी सूत्रकृमी जिवंत वळवळतानाही दिसतो, आणि पडद्यावरचे ते दृश्य रुग्णाने न पाहिलेलेच बरे. शंका उरली तर तुकडा किंवा सबंध गाठ काढून ऊतकपरीक्षा करतात.

आणि येथेच एक लहानशी, पण वारंवार घडणारी हयगय आहे. तालुक्याच्या गावी, एखाद्या लहान शुश्रूषागृहात, 'काही नाही, साधी गाठ आहे' असे म्हणून ती काढली जाते, रुग्णाला दाखविली जाते आणि कचऱ्याच्या बादलीत टाकली जाते. दोनचारशे रुपयांचा तपासणीचा खर्च वाचला, म्हणून दोघेही संतुष्ट असतात. गाठ कर्करोगाची असेल तर काय होईल, हे उघड आहे. पण ती जंताची असली तरी हानी थोडी नसते, कारण तिने आणलेला निरोप न वाचताच टाकून दिलेला असतो. कातडीखालच्या एका पिशवीमागे मेंदूत दुसरी असू शकते; ती शोधण्यासाठी मेंदूचे चित्र घ्यावे लागते; डोळ्याच्या आतही पाहावे लागते. तसे न पाहता जंतावरचे जालीम औषध दिले तर मेंदूतली किंवा डोळ्यातली पिशवी मरताना सूज येऊन अपाय होण्याचा धोका असतो.

म्हणून काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून, वर रुग्णाचे नाव लिहून, विकृतिशास्त्रज्ञाकडे गेली काय, हे रुग्णाच्या मुलाने किंवा भावाने त्याच दिवशी विचारावे, आणि आठवड्याने लेखी अहवाल मागून घ्यावा. बंगळूरमध्ये कर्करोगाच्या त्या संस्थेला लागूनच राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था आहे; निमहान्स या नावाने ती सर्वांना ठाऊक आहे. कर्करोगाच्या भीतीने एका फाटकातून आत गेलेल्या माणसाच्या अहवालावर जंताचे नाव निघते, त्याच्या बायकोच्या डोळ्यांत आनंदाचे पाणी येते, आणि वैद्य त्यांना थांबवून विचारतो, यांना कधी झटका आला होता का, हातपाय आखडले होते का, डोके फार दुखते का. मग चिठ्ठी लिहिली जाते, आणि ती घेऊन ते दोघे शेजारच्या फाटकाकडे चालू लागतात.